निकेतकडे, दिघीला

४ जानेवारी, रविवार

कुत्री! जेटीच्या वळणावर सगळी एकदम अंगावर आली. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट धावत चढणारी बाई मी — आणि इथे एका मासेवालीच्या टोपलीमागे जाऊन लपले! ती बाई पोट धरून हसली. "पलू नको गो बाय, पललीस का मागं लागतान."

अहो, पळायलाच तर आले होते!

निकेतला सांगितलं तर तोही हसला. बऱ्याच महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं. वाळलाय. काळा पडलाय. दिवाळीला आला नाही — काम आहे म्हणाला — म्हणून मीच आले शेवटी. दोन वर्षं झाली त्याला इथल्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागून, आणि मी आज पहिल्यांदा त्याची खोली बघतेय. एक खाट, एक टेबल. पण स्वयंपाकाचं सामान किती! नारळ खवायची खवणी, पाटा-वरवंटा, मातीचा तवा. एकट्या पोराला पाटा-वरवंटा कशाला?

कराडच्या मुलीचा फोटो पर्समध्येच आहे. अजून काढला नाही. चार दिवस जाऊ देत.

५ जानेवारी

धावले नाही. रस्त्याने नुसते ट्रक, धूळ, परत ट्रक. खिडकीखाली कुणीतरी बोंबील सुकत घातलेत. त्या वासाने चहा उतरेना.

निकेत सकाळी हेल्मेट आणि बॅग घेऊन गेला.

६ जानेवारी, मंगळवार

वाट सापडली!!

गावामागून वर जाते. आधी काजूची झाडं, मग लाल मातीची चढण, आणि वर एकदम मोकळा कातळ. इतका सपाट की धावताना हसूच आलं मला. एकटीच हसत धावले. खाली खाडी, पलीकडे आगरदांडा, समोर समुद्रात जंजिरा. आणि उतरताना हीच वाट थेट जेटीवर आणून सोडते — ट्रक नाहीत, कुत्री नाहीत. हे गेले तेव्हापासून धावते आहे, पण अशी वाट मिळाली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते चाला. मी धावायला लागले. घरात बसवत नव्हतं.

खाली खाडीच्या चिखलात परवाची तीच बाई वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करत होती. मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रोज पलतस? मागं कोन लागलाय तुझ्या?"

"कोणी नाही. साखर वाढलीय."

"मंग कमी जेव."

"भरपूर जेवता यावं म्हणून तर धावते!"

हे तिला फार आवडलं. ठमाबाई नाव. खालच्या आळीत खानावळ आहे तिची. "शनवारी ये जेवायला. जिताडा आनते तुझ्यासाठी. खाडीतला मासा."

"कोण करतं स्वयंपाक? तुम्हीच?"

"माझा पोर रांधतो. हाताला चव हाय त्याच्या." असं म्हणताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग पदरातल्या तिसऱ्या माझ्या ओंजळीत ओतल्या. नाही म्हणायला सवडच दिली नाही.

घरी आणून ठेवल्या. करायच्या कशा, मला काय माहीत! संध्याकाळी निकेत आला, विळी घेऊन बसला आणि टकाटक शिंपल्या उघडायला लागला. मी बघतच राहिले. साताऱ्यात अंडं फोडायला सांगितलं तर तोंड वाकडं करणारा मुलगा! म्हटलं, कुणी शिकवलं रे? "कँटीनमध्ये बघून बघून." ओलं खोबरं त्याच पाट्यावर वाटलं. तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा शिंपल्यातलं काही खाल्लं मी, आणि बोटं चाटली.

"या कुठून आणल्यास?" मध्येच विचारलं त्याने.

"एक ठमाबाई म्हणून आहे, तिने दिल्या."

हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "आई, खाडीकडे नको जात जाऊस. पाय घसरतो."

७ जानेवारी

आज एसटीने बोर्ली पंचतनला गेले, बाजार बघायला. मजा आली! घावणे खाल्ले, एकीकडे बसून. जाळीदार, इतके मऊ की तोंडात ठेवायचा अवकाश. सुका जवळा घेतला. त्याची चटणी कशी करायची ते सुक्या मासळीच्या बाईने सांगितलं — कोरडा भाजायचा, मग लसूण, कोकम. नावही लक्षात राहिलं तिचं, नीराबाई.

"कुठं उतरलाव?"

"दिघीला. माझा मुलगा असतो. निकेत."

तिचा तराजूवरचा हात थांबला. "बोटीवरचा निकेत?"

"नाही हो, बोटीवरचा नाही. इंजिनिअर आहे तो, कंपनीत."

तिने पिशवीत आणखी एक मूठ जवळा टाकला आणि पिशवीचं तोंड बांधून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी. देवळातला प्रसाद देतात तशी.

कुणी दुसरा निकेत असेल.

८ जानेवारी, गुरुवार

काय लिहू? 

सकाळी मनात आलं, धावत कंपनीच्या फाटकापर्यंत जावं, निकेतला चकित करावं. गेले. फाटकावर वॉचमन होता, गुणाजी की काय पाटी होती छातीवर. म्हटलं, निकेत सरांना बोलवता का, मी त्यांची आई.

तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"सर? ते तर सोडून गेले ना, म्याडम."

"कुठे? बाहेर?"

"नोकरी सोडून. गणपतीच्या आधीच."

मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. आज सकाळी हेल्मेट घेऊन निघाला तो! गुणाजीने मान खाली घातली. "पानी देऊ का, म्याडम?" एवढंच म्हणाला. पाणीसुद्धा न घेता परत फिरले. पुढच्या मोरीच्या कठड्यावर बसले. ट्रक जात होते, धूळ तोंडावर येत होती, मी बसूनच.

गणपतीच्या आधी! म्हणजे गणपतीत फोनवर आरती ऐकवली तेव्हा नोकरी नव्हती. दिवाळीत 'सुट्टी मिळत नाही' म्हणाला तेव्हा नोकरी नव्हती.

संध्याकाळी आला. बॅग ठेवली, हेल्मेट खिळ्याला लावलं.

"कसं झालं काम?"

"नेहमीचंच, आई."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. डोळ्यांत बघून!

९ जानेवारी

विचारलं नाही. विचारायला तोंड उघडते आणि मिटते. दारू नाही, वास घेऊन पाहिला. जुगार? पोलीस? मग जातो कुठे दिवसभर?

जेवताना बघितलं — त्याच्या नखांत हळद आहे.

१० जानेवारी, शनिवार. दुपार

लिहिलं नाही तर वेड लागेल.

ठमाबाईच्या खानावळीत गेले. खरं तर जायचं नव्हतं, पण खोलीत बसवेना. पत्र्याची शेड, शेणाने सारवलेलं अंगण, दोन बाकं. ट्रक-ड्रायव्हर जेवत होते. ठमाबाईने हात धरून आत नेलं, पाट मांडला. एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली — पोट एवढं! आजउद्याचीच दिसत होती. पंचविशीतली असेल. ठमाबाई म्हणाली, "ही प्रणाली. सून माझी." मुलीने नुसती मान हलवली. हसली नाही.

आधी जिताड्याचं कालवण आलं. पहिला घास तोंडात गेला आणि मी डोळे मिटले. इतकं सुंदर! तेवढ्यात आतून आवाज आला —

"आये, तुकड्या तळल्या बघ गो. तिखट जास्त झालं का सांग."

घास तसाच राहिला तोंडात.

कमरेला टॉवेल गुंडाळलेला, हातात तळलेल्या माशांचं ताट — निकेत! माझा निकेत. आणि दुसऱ्याच बाईला आई म्हणून हाक मारत होता.

त्यानं मला पाहिलं. ताट धरून तसाच उभा राहिला. ड्रायव्हरसुद्धा जेवायचे थांबले. मी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा त्या मुलीच्या पोटाकडे. मग तिच्या गळ्याकडे. मंगळसूत्र नाही! लग्नसुद्धा नाही केलं, अरे देवा, लग्नसुद्धा नाही —

"आई, ऐक —"

"कोणती आई? ही का मी?"

ठमाबाई म्हणाली, "बस. आदी जेव. मंग भांड."

हात न धुताच उठले मी. कालवणाच्या हाताने चपला उचलल्या आणि निघाले. माझ्या हाताला अजून त्याचा वास येतोय.

तीच संध्याकाळ

आला होता. दाराला आतून कडी घातली. बाहेर बराच वेळ बसला. मग गेला, की तिथेच आहे, माहीत नाही. बघणार नाही मी.

११ जानेवारी, रविवार

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी बसलेला. मी शूज बांधले, त्याला ओलांडून निघाले. वरची वाट धरली. मागून पावलं आली. निकेत धावत होता माझ्यामागे! जन्मात न धावलेला मुलगा. चप्पल घालून. चढणीवर त्याला धाप लागली, तरी थांबेना. कातळावर पोचल्यावर मीच थांबले. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

"बाळ माझं नाही, आई."

हे पहिलं वाक्य. मग बाकीचं आलं. तुटक तुटक. मला जमेल तसं लिहून ठेवते.

ठमाबाईचा एकुलता मुलगा जीवन. कंपनीच्या मेसला मासे द्यायचा. त्यातून ह्या दोघांची दोस्ती. प्रणाली त्याची बायको. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, त्याच रविवारी हा जीवनबरोबर बोटीतून गेला. मजा म्हणून! ह्याला पोहता येत नाही, हे माहीत असूनही! खाडीच्या तोंडाशी लाट आली आणि बोट उलटली. एकच रिकामा प्लास्टिकचा कॅन होता तरंगता. जीवनने तो ह्याच्या छातीखाली घातला. म्हणाला, "पाय मार, निक्या, नुसता पाय मारत ऱ्हा." स्वतः बोटीला धरून राहिला. पण जाळं पायात गुंतलं होतं त्याच्या.

"मी बघत होतो, आई. हात लांब केला तर पोचला असता. पण कॅन सोडायची भीती वाटली."

जीवन तिसऱ्या दिवशी दिवेआगरच्या बाजूला मिळाला.

"मला काही सांगितलं नाहीस!" मी ओरडले. "त्या आठवड्यात बोललो होतो आपण. तू म्हणालास फोन पावसात भिजला."

"समुद्रात भिजला, आई."

मी खाली बसले. कातळ तापायला लागला होता. तो सांगत राहिला. नंतर जेटीवर पाऊल ठेवलं की त्याला उलटी व्हायची, काम होईना. राजीनामा दिला. जीवनच्या घरी भेटायला गेला तर ठमाबाई चुलीपुढे नुसती बसलेली, चूल विझलेली, गिऱ्हाईक परत चाललेलं. ह्याने चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या दिवशी परत. आयेने एकेक शिकवलं.

"मला का नाही बोलावलंस?"

"तू न्यायला आली असतीस."

हो. आलेच असते. फरफटत नेला असता.

१२ जानेवारी

त्या रविवारी मी ग्रुपबरोबर कासला धावून आले होते. धुक्यातला फोटो टाकला होता. ह्याने अंगठासुद्धा पाठवला नाही म्हणून दोन दिवस रुसले होते.

१३ जानेवारी, भोगी

पहाटे उठून भोगीची भाजी केली. बोर्लीहून बाजरीचं पीठ मिळवलं, तीळ लावून भाकऱ्या थापल्या. डबा भरला आणि खानावळीत गेले. का गेले? सांगता येणार नाही. राग होताच. पण त्या मुलीचं पोट डोळ्यांपुढून जाईना. आणि तिच्याबद्दल मी मनात काय काय म्हटलं होतं!

निकेत बाजारात गेला होता. बरं झालं.

ठमाबाई मासे साफ करत होती. मी म्हटलं, "मी कोण ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"व्हय. नाक त्याचाच हाय. तो सांगायला भ्याला होता, म्हून मीच बोलावला तुला."

"जेवणाच्या पाटावर?"

"मंग कुटं? भुकेल्या मानसाला असला काय सांगू नये."

शेजारी बसले. सुरी हातात दिली तिने. पहिल्यांदा मासा कापला मी, बोटभर जाड तुकडे. तिने माझ्या तुकड्यांना वेगळ्या टोपात टाकलं. मग एकदम म्हणाली —

"एक दर्यानं नेला, एक दर्यानंच दिला. मी न्हाय देनार तुला परत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, मुलगा आहे तो माझा!"

"हाय ना. पन तुझा जिता हाय. तू कुटं बी असलीस तरी जिताच हाय. माझा कुटं हाय?"

मासळीच्या हातांनी डोळे पुसत होती. मी तिच्यावर ओरडणार होते. ओरडता आलं नाही. सुरी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडले. हे गेले तेव्हा साताऱ्याच्या त्या घरात शेजारी बसून रडायला कुणी नव्हतं.

प्रणालीने भाकरी खाल्ली. "तीळ नंतर लावतात की पिठातच?" एवढंच विचारलं. पाण्याच्या हातानं वरून, म्हटलं. तिने मान हलवली. इतकं कमी बोलते ती मुलगी!

१४ जानेवारी, संक्रांत

आळीत बायका नटून निघाल्या होत्या हळदीकुंकवाला. खानावळीच्या दाराशी कुणी थांबलं नाही. आम्ही तिघीही तशाच — मी, ठमाबाई, आणि ती पंचविशीची पोर. ठमाबाई उठली, डब्यातून तिळाचे लाडू काढले. "घ्या गो. आपुन आपल्याला देऊ."

मग माझ्याकडे वळून, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं — "पोर बालंत झाली का दोघांचा लगीन लावून टाकू. निकेतचा नि हिचा. गावात बी सगलं त्येच बोलतान. तुझा काय म्हनना?"

लाडू हातातच राहिला. निकेत चुलीपुढून उठला नाही. प्रणाली रिकामी भांडी घेऊन मागच्या दाराने गेली. जड पावलांनी. भांडी घासायची नव्हती खरं तर, घासलेलीच होती.

घरी येताना निकेतला अडवलं. "तुला आवडते ती?"

"जीवनच्या घराला मी उभा राहणार, आई."

"मी ते विचारलं नाही."

"मग मला माहीत नाही." थोडं चालून, "आवडेलही. तिला एकटं कसं टाकू?"

एकुलता मुलगा. दुसऱ्याचं मूल. दुसरी आई. माझं काय उरतं त्यात? सूर्य मावळायच्या आधी परत धावायला गेले, दिवसातून दुसऱ्यांदा. कातळावर वारा होता. तिथे उभी राहिले आणि विचार केला — तो कॅन जीवननं स्वतःच्या छातीखाली घेतला असता तर? आज मी कुणाच्या मुलाला धरून बसले असते?

कराडला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

१५ जानेवारी

निकेतला म्हटलं, माझी हरकत नाही. तो माझ्या पाया पडला. मला रडू आलं नाही. बधिर झाल्यासारखं वाटतंय सगळं.

१६ जानेवारी, शुक्रवार. अलिबाग

इथे वरांड्यात बसून लिहितेय. आत ऑपरेशन चाललंय. मन कुठेतरी लावायला हवं.

सकाळी कातळावर होते. निकेतचा फोन. आवाज ओळखू येईना. "प्रणालीला कळा सुरू झाल्यात, बोर्लीचे डॉक्टर म्हणतात बाळ आडवं आहे, आत्ताच्या आत्ता अलिबागला न्या — गाडीत घातलंय तिला — आई, फेरी निघायची वेळ झालीय, ती गेली तर —"

पुढचं ऐकलं नाही. खाली बघितलं तर फेरीबोट जेटीला लागलेली, गाड्या आत चढत होत्या. ही फेरी चुकली तर पुढची येईपर्यंत थांबायचं, नाहीतर रस्त्याने खाडीला वळसा घालून जायचं. तेवढा वेळ होता का तिच्याकडे?

मी पळाले. आयुष्यात कधी नाही अशी पळाले. उताराला दगड निसटत होते. एकदा पडले, तळहात सोलले, उठले. काजूच्या फांद्या तोंडावर. श्वास नव्हता, नुसते पाय होते. खाली पोचले तर शेवटचा टेम्पो चढलेला आणि साखळ्या खडखडायला लागलेल्या. फळी वर उचलत होते!

"थांबा! ओ, थांबा!"

साखळीवरचा माणूस हसला. "मॅडम, शर्यत हाय काय आज?"

"ठमाबाईची सून —" पुढे शब्द फुटेना. "प्रणाली. अडलीय. गाडी येतेय."

त्याचं हसू गेलं. वळून वर ओरडला, "हरेश्वर! इंजन थांबव! जीवनची बायको हाय!" आणि त्या अख्ख्या बोटीवर, टेम्पोवाले, शाळेतल्या मास्तरीणबाई, मुंबईचे पर्यटक, सगळे कडेला सरकले. टेम्पोवाल्यांनी आपणहून टेम्पो मागे सरकवून जागा केली. आम्ही सगळे वळणाकडे बघत उभे राहिलो. ट्रक आला. परत ट्रक. मग गाडी आली.

पाण्यावर निघालो तेव्हा प्रणालीने माझा सोललेला हात घट्ट धरला होता. खाडीच्या मध्यावर ती ओरडली — कळेने की पाण्याकडे बघून, मला कळलं नाही. ठमाबाईने पदराने तिचे डोळे झाकले. निकेत गाडीबाहेर उभा होता, पाण्याकडे पाठ करून. घामाने भिजलेला.

दार उघडतंय. कुणीतरी बाहेर येतंय.

१७ जानेवारी, शनिवार

मुलगी! दोघी सुखरूप!

ठमाबाईने बाळाचं नाक बघितलं, कान बघितले, "सगला जीवनचा हाय" म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. निकेत लांबूनच बघत होता. जवळ ये म्हटलं तर हात धुवायला गेला, परत परत धुवत राहिला. मग बाळ मीच घेतलं मांडीवर. एवढंसं. माझ्या बोटाला धरून झोपलं. सांगू नये, पण मला काही परकं वाटलं नाही.

एक ठरवलंय. आम्ही तिघांनी बोलून सगळं पक्कं केलं, पण रीतसर विचारणं झालंच नाही. मुलाच्या आईने मुलीला विचारायला हवं. ठमाबाई आज गावी परतेल, आंघोळीला आणि कपडे आणायला. उद्या सकाळी प्रणाली एकटी असेल तेव्हा मी स्वतः विचारणार. म्हणणार, माझी सून होशील का गं?

१८ जानेवारी, रविवार

विचारलं.

ती बाळाकडे बघत होती. म्हणाली, "तुम्हीच पहिल्या, मावशी. मला कुनी इचारलंच नव्हतं."

मग म्हणाली, "घेऊन जावा त्याला. राग न्हाय माझा. लय केलं त्यानं. पन रोज सकाळी तो दारात येतो ना, तवा वाटतं — हा आला. माझा न्हाय आला. रोज, मावशी. मला त्याच्या हातचं जेवन जात न्हाय. मी बाळाला घेऊन खानावळ बघीन, आये हाय. त्याला घेऊन जावा."

आठ दिवसांपूर्वी हेच तर मागत होते मी देवाकडे!

निकेत बाहेर बाकावर बसलाय. पहाटे उठून दवाखान्यामागच्या चहावाल्याच्या चुलीवर तिच्यासाठी घावणे करून आणलेत, फडक्यात गुंडाळून. मला दारात बघून आत्ता उठून उभा राहिलाय.

सांगायचं मलाच आहे.